दाणीच्या शेवटी उभा माणूस

ती सकाळ अजून माझा पिच्छा सोडत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा विहिरीतून अख्खी तिजोरी बाहेर काढली. पण कोणी "साहेब, एखादी जुनी केस सांगा ना" म्हटले की मला आठवतो तो एक गोठा, मोहाच्या दारूचा एक डबा आणि तोंडातून शब्द न काढणारा एक माणूस. ऐकणाऱ्यांचा जरा विरस होतो. त्यांना रक्त हवे असते. त्याला माझा इलाज नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ग्रामीण ठाण्यात मी फौजदार होतो. मी मूळचा खानदेशातला. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बायको तिच्यापाशी गावी राहिली आणि मी ठाण्यामागच्या क्वार्टरमध्ये एकटा. हवालदाराच्या घरून डबा यायचा. संध्याकाळची हजेरी झाली, शिपाई आपापल्या बायकापोरांत गेले, की ठाण्यात पहाऱ्यावरचा एक शिपाई आणि मी उरायचो. अशा वेळी माणूस वाचून झालेली स्टेशन डायरी पुन्हा वाचत बसतो. मीही बसायचो.

त्या भागात हिवाळ्यात पिके निघाली की गावोगावी शंकरपट भरायचे. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. रिकाम्या शेतात वखर फिरवून लांब सरळ वाट तयार करतात, तिला दाण म्हणतात. शेजारीशेजारी दोन दाणी, प्रत्येकीवर एक हलकी छकडी आणि छकडीवर धुरकरी, म्हणजे बैल हाकणारा गडी. झेंडी पडली की जो आरडाओरडा सुरू होतो त्याला तोड नाही. पोलिसांच्या दृष्टीने शंकरपट म्हणजे बंदोबस्त, धूळ, हरवलेली मुले आणि दारू पिऊन केलेली मारामारी. पहिल्या वर्षी मी वैतागलो होतो. दुसऱ्या वर्षी मीच कुंपणापाशी पुढे जाऊन उभा राहू लागलो.

आमच्या हद्दीतल्या एका गावी संत्र्याच्या बागा असलेला एक मोठा शेतकरी होता. त्याला आपण मालक म्हणू. त्याची जोडी कित्येक वर्षे हरलीच नव्हती. ती जोडी ज्याने घडवली तो पन्नाशी उलटलेला, काटकुळा, मान खाली घालून चालणारा माणूस. सारे गाव त्याला मामा म्हणायचे, मीही इथे मामाच म्हणतो. त्याचे खरे नाव मी सांगणार नाही. मामाला ना बायको, ना मूल. मालकाच्या शेतावरच्या गोठ्यातच तो राहायचा. गोठ्यातल्या कोनाड्यात बुद्धाचे एक चित्र होते, त्याखाली त्याची वळकटी आणि पितळी लोटा. संसार म्हणाल तर एवढाच.

पटावर बाकीचे बैल घडवणारे काय थाट करायचे! डोक्याला फेटा, कपाळाला गुलाल, मिशीला पीळ, बैल सुटले की त्यांच्यामागे पळत शिव्यांचा पाऊस. मामा मात्र दाणीच्या अगदी दुसऱ्या टोकाला, जिथे शर्यत संपते त्याच्याही पलीकडे, एका बाभळीखाली एकटाच उभा असायचा. हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर काही नाही. बसची वाट पाहणारा माणूस उभा राहतो तसा. जोडी जिंकली की तो बैलांच्या तोंडावरून हात फिरवायचा आणि पाणी दाखवायला घेऊन जायचा. फेटा मालकाच्या डोक्यावर चढायचा. तोही नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारातून खास आणलेला. धुरकऱ्याला लोक खांद्यावर घ्यायचे. मामाला कोणी हार घातल्याचे मी पाहिले नाही.

आता असे आहे की जो माणूस जिंकूनही बढाई मारत नाही, त्याच्याबद्दल लोक स्वतःच काहीबाही रचतात. मामा मंत्र मारतो म्हणे. मामा बैलांना काहीतरी पाजतो म्हणे. "तो पूजेलेही उभा राहत नाही साहेब," आमचा हवालदार एकदा मला म्हणाला. तो तिथलाच, सगळ्यांची सात पिढ्यांची माहिती असलेला. "सारे लोक सुरुवातीले नारळ फोडून राहतेत, अन् हा तिकडे दूर जाऊन उभा. काही तं गडबड असन."

एका वर्षी पटाच्या आदल्या संध्याकाळी ठाण्यातला फोन वाजला. हवालदाराने घेतला. पलीकडचा माणूस घाईत होता आणि तोंडावर कापड धरून बोलत असावा. मामा उद्या पटाच्या आधी बैलांना मोहाची दारू पाजणार आहे, डबा गोठ्यातच आहे, डाव्या बैलाच्या गव्हाणीमागे, कुटाराखाली, म्हणजे बैलांच्या भुशाखाली. हवालदाराने नाव विचारताच फोन ठेवला गेला.

दारूबंदीचा कायदा होता. हातभट्टीचा माल सापडला तर गुन्हा होता, मग तो माणसाने प्यावा की बैलाने. खबर इतकी नेमकी असताना गप्प बसणे शक्य नव्हते. सूर्य उगवता उगवता आम्ही दोन पंच घेऊन जीपने गोठ्यावर पोचलो.

गोठ्याच्या बाहेर मी थबकलो. आत कोणीतरी बोलत होते. हळू, सलग, मधूनच हसत. काल रात्री थंडी कशी होती, बाजूच्या शेतातली हरभऱ्याची पेंढी कोणी पळवली, आज पटावर गर्दी होईल तर घाबरायचे नाही, असे काहीबाही. मला वाटले आत दोघेतिघे असतील. फाटक ढकलून आत गेलो तर मामा एकटाच. हातात गवताचा चोळा, उजव्या बैलाची पाठ चोळत होता. आम्हाला पाहताच त्याचे बोलणे बंद झाले. त्या माणसाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

झडती घ्यायला शिपाई पुढे झाला तसा उजव्या बैलाने असे काही शिंग फिरवले की शिपाई कुंपणावरून पलीकडे. डाव्यानेही फुसफुस करून पाय आपटले. पंचांनी आपली पंचगिरी दारातूनच केलेली बरी, असे ठरवले. मग मामाने दोन्ही बैलांच्या कपाळावर हात ठेवला आणि मान हलवून आम्हाला या म्हणून खुणावले. शिपायाने जीव मुठीत धरून गव्हाणीमागचे कुटार उपसले. डबा निघाला. झाकण उघडले तर मोहाचा वास साऱ्या गोठ्यात पसरला.

एव्हाना मालक आणि धुरकरी धावत आले होते. धुरकरी तिशीतला, अंगापिंडाने मजबूत, बोलका गडी. पोरका होता, लहानपणापासून मामानेच त्याला याच गोठ्यात वाढवला आणि छकडीवर चढवला होता. मालकाने डबा पाहून कपाळावर हात मारला.

"मामा, माह्या इज्जतीचा तरी विचार कराचा होता! काहून केलं हे?"

मामाने डब्याकडे पाहिले. मग फाटकाशी उभ्या असलेल्या धुरकऱ्याकडे आणि शेवटी बैलांकडे पाहिले. बोलला काहीच नाही. मी दोनदा विचारले, "हा माल कोणाचा?"  गप्प बसलेल्या आरोपीबद्दल पोलिसाचे मत काय बनते ते तुम्हाला माहीत आहे. पंचनामा केला, डबा सील केला, मामाला जीपमध्ये बसवले. निघताना त्याने बैलांकडे वळून पाहिले नाही, पण बैल मात्र जीपच्या मागे दावे ताणून पाहत राहिले.

तालुक्याहून पशुवैद्य बोलावला. त्याने बैल तपासले आणि सांगितले, दोन्ही जनावरे शुद्धीत आहेत, पोटात काही नाही. म्हणून जोडी पटात उतरवायला आम्ही हरकत घेतली नाही. मामाच्या जामिनाला मात्र कोणी उभे राहिले नाही. मालक म्हणाला, "माह्याच्यानं नाही होत साहेब, लोक मलेही चोर म्हणतीन." कोठडीचे दार लावताना हवालदाराने मामाला विचारले, कोणाला निरोप द्यायचा आहे का. मामाने नाही म्हणून मान हलवली. निरोप द्यावा असे त्याचे कोणी नव्हतेच.

दुपारी मी पटाच्या बंदोबस्तावर गेलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. जिथे तिथे तीच चर्चा. मालकाच्या जोडीची पाळी आली तेव्हा कुंपणाला माणसे चिकटली. धुरकरी छकडीवर ताठ उभा. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर वेगळेच तेज होते, हे मी तेव्हाही टिपले होते. झेंडी पडली. जोडी सुटली ती नेहमीसारखीच, दुसऱ्या जोडीला मागे टाकत. धुरकरी ओरडत होता, लोक ओरडत होते.

अर्ध्या दाणीत दोन्ही बैलांनी माना वर केल्या. पाय मंदावले. धुरकऱ्याने कासरा झटकला, तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचली, आरोळ्या ठोकल्या. बैल थांबले. दुसरी जोडी शेजारून धूळ उडवत निघून गेली. हे दोघे आपले दाणीच्या मधोमध उभे राहून समोर पाहत होते. मग त्यांनी छकडीसकट गावाच्या रस्त्याकडे वळायला सुरुवात केली.

लोक असे हसले की विचारू नका. आणि हसून झाल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "पाहा, दारू नाही भेटली तं पाय नाही उचलत!" मालक माझ्यासमोरच म्हणाला की उद्या जोडी बाजारात काढतो आणि मामाने पुन्हा माझ्या शेतात पाय ठेवू नये. इतक्या वर्षांची कमाई एका दुपारी गेली. मामाच्या गप्प राहण्यापेक्षा बैलांच्या थांबण्याने त्याला जास्त गुन्हेगार ठरवले.

ठाण्यात परतलो. मामा कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. मला पाहताच उठला, गजांपाशी आला आणि सकाळपासून पहिल्यांदा बोलला.

"थांबले का जी?"

"थांबले," मी म्हणालो.

त्याने हळूच मान हलवली आणि जाऊन परत बसला. हवालदार माझ्या कानाशी लागला, "साहेब, झाली कबुली. थांबतीन हे याले पहिलेच ठाऊक होतं." मलाही क्षणभर तसेच वाटले. पण आपले कसब फसले म्हणून कळवळणारा माणूस मी बरेचदा पाहिला होता. मामाचा चेहरा तसा नव्हता. कोणीतरी घरचे आजारी असावे आणि वाईट खबर यावी, तसा तो झाला होता. मला चैन पडेना. उजेड आहे तोवर जागा पुन्हा पाहून घेऊ म्हणून हवालदाराला घेऊन मी गोठ्यावर गेलो.

गव्हाणीमागची ती जागा मला नीट पाहायची होती. पण आत जाता आले तर ना! हवालदाराने एक पाऊल टाकले आणि टोपी सांभाळत मागे आला. मालक बाहेरच उभा होता. त्याला म्हटले, तुमचे बैल आहेत, जरा धरा.

"मी नाही जात आत," तो म्हणाला. "उजव्यानं एक बार मले कुंपणावर फेकून देल्लं होतं."

"मग आत जातो कोण?"

"मामा जाते. नाही तं हा." आणि त्याने मागे बोट दाखवले.

धुरकरी कुटाराची पाटी घेऊन येत होता. मान खाली. आमच्याकडे न पाहता तो सरळ दोन्ही बैलांच्या मधून गेला, गव्हाणीत पाटी रिकामी केली, डाव्याच्या मानेवरून हात फिरवला. बैलांनी त्याला वाट करून दिली. कुटाराला मात्र तोंड लावले नाही.

मी हवालदाराकडे पाहिले, त्याने माझ्याकडे. डाव्या बैलाच्या गव्हाणीमागे डबा ठेवणारा माणूस त्या बैलांनी आत येऊ दिलेला माणूस असायला हवा होता. असे गावात दोनच. त्यातला एक तर आमच्या कोठडीत होता. स्वतःविरुद्ध फोन करण्याइतका मामा बोलका नव्हता.

"पण साहेब," परतीच्या वाटेवर, मागे बसवलेल्या धुरकऱ्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, हवालदार डोके खाजवत म्हणाला, "त्यानं काहून करावं? छकडीवर तं तोच होता. आपलीच फजिती कोन करून घेते?"

 धुरकऱ्याला जबाबासाठी म्हणून सोबत घेतलेच होते. ठाण्यात आल्यावर मी त्याला कोठडीसमोरच्या बाकावर बसवले, चहा सांगितला आणि माझ्या टेबलावर कागद चाळत बसलो. काहीच विचारले नाही. माझा अनुभव सांगतो. बडबड्या माणसाला प्रश्न विचारला की तो त्या प्रश्नापुरते खोटे बोलतो. प्रश्नच नसेल तर त्याला कोणते खोटे बोलावे तेच सुचत नाही. समोर गजांपलीकडे मामा बसलेला.  चहा तसाच निवला.

धुरकऱ्याने आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मग पटाची दाण यंदा नीट वखरली नव्हती म्हणाला. मग बैलांना नजर लागली म्हणाला. कोणी हुंकारसुद्धा दिला नाही. शेवटी तो ताडकन उठला आणि माझ्याकडे न पाहता त्याने जाऊन गज धरले.

"मामा, बोला नं काही! शिव्या तरी द्या!"

मामाने मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

"तुमीच म्हणालते नं मले! गेल्या सालचा पट जितून आलो, लोकायनं खांद्यावर घेतलं, मी तुमाले सांगाले आलो, अन् तुमी म्हणाले, तू नुसता तोल सांभाळ, बैल माह्याकडे येतेत. माह्याकडे येतेत म्हणे! मंग मी काय छकडीवर ठेवलेलं पोतं आहो? एवढी सालं मी उभा राह्यलो, दोन बार हाड मोडलं, ते कायच नाही?" त्याने गज गदगदा हलवले. "मी हाराले नाही केलं जी साहेब. मले जिताचं होतं. मामा नसताना एक बार जिताचं होतं."

मी पेन खाली ठेवले. हवालदाराने तोंड उघडले होते ते तसेच राहिले. पुढचा तपशील अर्ध्या तासात जमला. दारू कोणत्या भट्टीची, फोन कुठून केला, डबा केव्हा ठेवला. मामाला एक दिवस ठाण्यात बसवतील आणि मग सोडतील, असा त्याचा हिशेब होता. बैल थांबतील यावर त्याचा विश्वासच नव्हता. विश्वास असता तर त्याने हे केलेच नसते.

मी कोठडी उघडली आणि मामाला समोर खुर्ची दिली. तो उभाच राहिला.

"मामा, डबा पाहिल्याबरोबर तुम्हाला समजले होते?"

"हाव जी."

"मग सकाळीच बोललात का नाही?"

 मामा जे बोलला ते त्याच्या मानाने भाषणच होते.

"बोललो असतो तं तुमी त्याले धरलं असतं. छकडीवर नसता चढला. त्याले पाहाचं होतं नं एक बार, पाहू देल्लं." मग म्हणाला, "मलेही वाटलं, न जाणो, नाही थांबन."

दुपारच्या त्या एका प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा उमगला. थांबले का, असे विचारताना मी 'नाही' म्हणावे याची तो वाट पाहत होता.

"पण बैल तुमच्याकडे येतात ही काय भानगड आहे?" मी विचारले.

"भानगड काही नाही जी. नागपूरले दीक्षा घेतली तवापासून मी पूजेत उभा राहत नाही. पटाच्या सुरुवातीले सारे नारळ फोडतेत. आपल्यामुळे वाद नको म्हणून मी दूर त्या टोकाले जाऊन उभा राह्यलो. बैल सुटले अन् मले शोधत पळत आले. मंग दर साली तिथंच उभा राहत गेलो. बैल बदलले, पन येत माह्याकडेच."

एवढेच. मंत्र नाही, दारू नाही. जिथे सगळे जमतात तिथून एक माणूस बाजूला झाला, आणि दिवसभर ज्याच्याशी तो बोलायचा ती जनावरे त्याला गाठायला धावली. इतकी वर्षे लोक दाणीच्या सुरुवातीला पाहत होते. शेवटाकडे कोणी पाहिलेच नव्हते.

धुरकरी बाकावर डोके धरून रडत होता. मामा त्याच्याकडे वळला.

"बैलायनं कुटार खाल्लं का?"

त्याने मान हलवली, नाही.

"साहेब," मामा मला म्हणाला, "याले पहिले जाऊ द्या. त्यायले पाणी दाखवाचं आहे. मंग धरा."

कायद्यात असली सवलत नाही. मी दोघांनाही हवालदारासोबत जीपने गोठ्यावर पाठवले आणि हवालदाराने दोघांनाही परत आणले. हवालदार सांगत होता, मामा आत गेला तसे दोन्ही बैलांनी त्याच्या छातीवर डोकी टेकली आणि धुरकरी पाण्याची बादली घेऊन दारातच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मामाविरुद्ध काही पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात दिला, तो सुटला. धुरकऱ्यावर खोटी खबर दिल्याची आणि दारू बाळगल्याची केस झाली. प्रत्येक तारखेला मामा कोर्टाबाहेर भाकरीचे फडके घेऊन बसलेला असायचा. दंडाधिकाऱ्यांनी अखेर धुरकऱ्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले. मालकानेही जोडी विकली नाही. मी त्याला ठाण्यात बोलावून सगळे सांगितले होते, आणि गावात सांगायचेही बजावले होते. त्याने सांगितले. माणूस तसा वाईट नव्हता.

मला वाटले, विषय संपला.

पुढच्या हिवाळ्यात त्याच गावी पट भरला. मी बंदोबस्ताला होतो. मालकाची जोडी उतरणार म्हणून सवयीने दाणीच्या टोकाकडे पाहिले. बाभळीखाली कोणी नव्हते.  धुरकरी छकडीवर होता, पण या वेळी ताठा नव्हता, वाकून बैलांशी काहीतरी बोलत होता.

मी मागे वळलो तर आमच्या पोलीस गाडीच्या आडोशाला मामा उकिडवा बसलेला. दाणीकडे पाठ करून. अंगावर खाकी कोट, गळ्यात मफलर.

"मामा, तुम्ही इथे?"

"वारा तिकडून इकडे आहे जी. त्यायले वास नाही लागन."

मग त्याने सांगितले. पोळा झाला तेव्हाच त्याने गोठा सोडला होता. आता गांधीबागेत एका कापडाच्या गोदामावर चौकीदार होता. मी असलो की बैल धुरकऱ्याकडे पाहतच नाहीत, म्हणाला. म्हणून निघून गेलो. बैलांचे सगळे धुरकरी करतो, चारतो, चोळतो, त्यांच्यापाशीच झोपतो. त्यानंतर मामा एकदाही गावात आला नव्हता. आज सकाळच्या बसने आला, तोही लांबच्या पायवाटेने.

"आणि तिकडे गोदामात बोलता कोणाशी?" मी विचारले. विचारून गेल्यावर मलाच कसेतरी झाले.

"बोलाचं काय असते जी," तो म्हणाला.

झेंडी पडली. गलका उठला. मामाने दोन्ही हातांनी गुडघे धरले. वळून पाहिले नाही. मी पाहत होतो. जोडी सुटली, दुसरीच्या पुढे गेली, अर्धी दाण आली.  बैलांनी माना वर केल्या नाहीत. धुरकरी ओरडत नव्हता, काहीतरी म्हणत होता, आणि ते त्याचे ऐकत सरळ पार गेले. लोकांनी टोप्या उडवल्या.

"आले का?" मामाने विचारले.

"आले. पहिले आले."

"डावा मंधात थांबला तं नाही? इकडे तिकडे पाह्यलं त्यानं?"

मी खरे तेच सांगितले. "नाही. सरळ गेला."

"शिकले मंग," मामा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला, अगदी खरा उजळला, आणि तो उजेड मावळतानाही मी पाहिला. हवालदाराने चहा आणला होता, तो आम्ही दोघांनी गाडीमागे उभ्या उभ्या घेतला. मग तो मफलर घट्ट करून बसच्या रस्त्याकडे निघाला. थोड्या वेळाने नागपूरची बस पटाच्या शेताला लागून गेली. धुरकरी बैलांना घेऊन तिथेच रस्त्याकडेला उभा होता, लोकांनी घेरलेला. मामा बसमध्ये पलीकडच्या खिडकीशी बसला होता.

त्यानंतर माझी बदली झाली. मामाचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. नागपुरात सीताबर्डीला कधी जाणे झाले की एक चक्कर गांधीबागेत मारावी असे ठरवायचो, आणि राहून जायचे. या केसने मला तपासाची एक रीत दिली. गप्प माणूस समोर आला की 'तू काय केलेस' हे मी शेवटी विचारू लागलो. आधी विचारायचे, तू कुठे उभा होतास, आणि तिथेच का. बरेचदा तो शेवटचा प्रश्न विचारावाच लागला नाही.

आणखी एक गोष्ट शिकलो, ती पोलिसाच्या कामाची नाही. नोकरीत रजा मिळाली की मी गावी जायचो. फाट्यावर बसमधून उतरलो की घरापर्यंतची वाट पायीच होती, आणि ती मी कधी भरभर चाललो ते मला कळायचेही नाही, कारण दारात बायको उभी असायची. ती गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. आता मी त्याच गावी राहतो. फाट्यापासून घर तेवढ्याच अंतरावर आहे, पण हल्ली पोचायला मला फार वेळ लागतो.